एका तालुक्याची दोन राज्यं

१९५६च्या राज्य पुनर्रचना कायद्यात देगलूर तालुक्याचं नाव कंसात येतं. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात जाईल असं सांगून कंसात वगळलेला भाग दिला आहे: देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही सर्कलं, मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही सर्कलं. १ नोव्हेंबर १९५६ला कंसातली गावं आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणाच्या बाजूला गेली. कंसाबाहेरचे आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६०ला महाराष्ट्रात. ही ओळ मी वाचली ती एम.ए. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, लघुप्रबंधाचा विषय शोधताना. तोवर बिचकुंदा म्हणजे माझ्या लेखी आत्याच्या सासरची बाजू, देगलूरच्या स्टँडवर लागणारी तेलंगणाची बस आणि संक्रांतीला तिकडून येणारी सकिनालू या फराळाची पिशवी, एवढंच होतं.

अर्थशास्त्र मी काही ठरवून घेतलं नव्हतं. आमच्याकडं कला शाखेतली पोरं बी.ए.ला अर्थशास्त्र घेतात ती बहुतेक स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडतं म्हणून. मीही त्यातलीच. पण घरात या विषयाचं वारं होतं. बाबा मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम. सोयाबीनचा भाव सकाळी कुठून येतो, हे मी त्यांना लहानपणी विचारलं होतं. ते म्हणाले, "लातूरहून. लातूरवाले इंदूरकडं बघतात, इंदूरवाले शिकागोकडं. शिकागोवाले कुणाकडं बघतात ते मला माहीत नाही." पुढं बाजारपेठांच्या एकात्मतेवर जे प्रकरण वाचलं, त्यात याहून फार वेगळं काही नव्हतं. फक्त शिकागोच्या पुढचंही थोडं होतं.

एम.ए.साठी नांदेडला विद्यापीठात गेले ते २०१७ साली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं ते १७ सप्टेंबर १९९४ला, मुक्तिसंग्राम दिनाचा मुहूर्त धरून. त्याच वर्षी मराठवाड्याला वैधानिक विकास मंडळ मिळालं. मंडळाची मुदत २०२०च्या एप्रिलमध्ये संपली आणि ते गेलं, विद्यापीठ मात्र आहे. देगलूरहून नरसी, नायगाव करत एसटी नांदेडला पोचते. रेल्वे आमच्याकडं नाही. नांदेड–देगलूर–बिदर मार्गाची चर्चा ऐकत ऐकत आमची पिढी पदवीधर झाली. शहरातून परत लातूर रस्त्याला लागायचं, विष्णुपुरी आली की विद्यापीठ. आमच्या विद्यापीठात विभागाला संकुल म्हणतात. सामाजिक शास्त्रांच्या संकुलात आमचा वर्ग, आणि वर्गात नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली चारही जिल्ह्यांतली मुलं. निम्म्यांचं लक्ष एमपीएससीच्या जाहिरातीकडं, काहींचं नेट-सेटकडं. दोघं-तिघं वसतिगृहात जागा मिळावी म्हणूनच आलेले होते आणि ते तसं उघड सांगायचे. मला त्यांच्याबद्दल आदरच वाटायचा, कारण आपण इथं का आलो हे त्यांना तरी नेमकं माहीत होतं.

पहिलं सत्र अवघड गेलं ते गणितामुळं. दहावीनंतर गणित सुटलेलं, आणि सूक्ष्म अर्थशास्त्राच्या तासाला फळ्यावर एकदम डेरिव्हेटिव्ह. कला शाखेच्या मुलांची ही अडचण देशभर आहे, पण तिच्यावर कुणी उपाय करत नाही. सर उतरवून देतात, मुलं पाठ करतात, पेपरात आकृती काढतात. वसतिगृहात भौतिकशास्त्राची एक मुलगी होती. तिनं मला मेसच्या वहीच्या मागच्या पानांवर चढ म्हणजे काय ते शिकवलं. बदलाचा वेग एवढीच गोष्ट आहे, हे एकदा डोक्यात बसलं आणि सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती, सीमांत उपयोगिता या तिन्ही गोष्टी एकाच रात्रीत सुटल्या. मग चीड आली. इतकी साधी गोष्ट बी.ए.च्या तीन वर्षांत कुणीच सांगितली नव्हती.

दुसरी अडचण भाषेची. पेपर मराठीत लिहिता यायचा, पण वाचायचं ते बरंचसं इंग्रजीत. अहुजा आणि झिंगनची पुस्तकं सगळ्यांकडं असायची, बहुधा आधीच्या बॅचकडून घेतलेली, दोन रंगांच्या पेनांनी रेघोट्या मारलेली. कुत्सोयानिसचं पुस्तक ग्रंथालयात बसूनच वाचायचं. मराठी पाठ्यपुस्तकं परीक्षेला पुरायची, प्रश्नाला पुरायची नाहीत. ग्रंथालयात मराठी अर्थशास्त्र परिषदेच्या 'अर्थसंवाद'चे जुने अंक होते. त्यात ऊसतोड, रोजगार हमी, पाणलोट यांवर मराठीत लिहिलेलं वाचलं आणि आपल्या भाषेत तक्त्यासकट वाद घालता येतो हे पहिल्यांदा कळलं.

अभ्यासक्रमात विनिमय दराचं प्रकरण होतं. वर्गातल्या बऱ्याच जणांना ते डॉलरमुळं परकं वाटायचं. मला आजोबा आठवायचे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चालायचा आणि इंग्रजांचा रुपया म्हणजे कलदार. सात हालीला सहा कलदार, हा हिशोब आजोबांच्या तोंडी शेवटपर्यंत होता. हाली नाणी पन्नाशीच्या दशकात हळूहळू चलनातून गेली. एका आठवडी बाजारात दोन चलनं चालणं म्हणजे काय, हे देगलूरच्या म्हाताऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयावरचा ग्रंथ १९२३चा. तो मी तेव्हा पूर्ण वाचला नाही, झेपलाच नाही. पण त्यांचा १९१८चा लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध मात्र पुन्हा पुन्हा वाचला. त्यांचं म्हणणं असं की, शेत लहान की मोठं हे एकरांवरून ठरत नाही. त्यावर किती भांडवल आणि किती माणसं लागतात, त्यावरून ठरतं. जमिनीवर माणसांचा बोजा जास्त आहे, तो उद्योगांनी उचलल्याशिवाय तुकडे जोडून काही साधणार नाही. शंभर वर्षांपूर्वीचा हा निबंध, आणि आमच्या वर्गात दोन-अडीच एकरवाल्यांची मुलं बसून तो वाचत होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधीच स्वतःपुरता तो उद्योगांचा उपाय शोधला होता, पुणे-हैदराबादच्या बसमध्ये बसून.

अनुशेष हा शब्द तर मराठवाड्यातल्या पोराला जन्मापासून ऐकायला मिळतो. गोविंदभाई श्रॉफांच्या पिढीनं तो लावून धरला. दांडेकर समितीनं १९८४च्या अहवालात त्याला आकडा दिला: राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये, त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी, म्हणजे चौथ्या हिश्श्याहून थोडा कमी. हा तक्ता पहिल्यांदा नीट बघितला तेव्हा मला आश्चर्य वाटलं ते उर्वरित महाराष्ट्राच्या रकान्याचं. तिथंही एक तृतीयांशाहून जास्त अनुशेष होता. सभांमधून ऐकलेल्या भाषणांत हा रकाना कधी आला नव्हता. पुढं केळकर समितीनं २०१३च्या अहवालात मोजमापासाठी तालुका हे एकक धरावं असं सुचवलं, ते मला पटलं. जिल्ह्याची सरासरी काढली की नांदेड शहर आणि आमची बाजू एकाच आकड्यात बसतात आणि दोघांचंही खरं रूप जातं.

पण माझा विषय तिथं मिळाला नाही. तो मिळाला चहाच्या हॉटेलात.

१० मे २०१८ला तेलंगणात रयतू बंधू योजना सुरू झाली. एकरी चार हजार रुपये, दर हंगामाला. खरीप आणि रब्बी मिळून एकरी आठ हजार. जमिनीला कमाल मर्यादा नाही. पहिल्या हंगामाला चक्क चेक वाटले. त्याच वर्षाच्या १ जानेवारीपासून तिकडं शेतीला चोवीस तास मोफत वीज सुरू झाली होती. आमच्याकडं विजेची पाळी रात्रीची आली की माणसं बॅटरी घेऊन विहिरीवर जायची. मे महिन्याच्या सुट्टीत मी घरी होते आणि देगलूरमध्ये दुसरा विषयच नव्हता. ज्याची जमीन सीमेच्या दोन्ही अंगांना, त्याला एका तुकड्यावर चेक आणि दुसऱ्यावर काही नाही. धर्माबाद, बिलोलीकडची काही गावं तर आम्हाला तेलंगणात घ्या म्हणू लागली, वर्तमानपत्रांत रोज बातमी. बाबांच्या दुकानावर हमाल, शेतकरी, ट्रकवाले सगळ्यांचं एकमत: तिकडं चांगलं.

जूनमध्ये मी हे मार्गदर्शक सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं चांगलं हे कशावरून?" मी म्हटलं, "सर, चेक येतोय." "चेक येतोय हे मान्य. चांगलं कशावरून?" मग त्यांनी मला डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांचा १९९४चा लेख वाचायला दिला. न्यू जर्सी राज्यानं एप्रिल १९९२ला किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरवरून पाच डॉलर पाच सेंटवर नेलं. शेजारच्या पेनसिल्व्हानियात ते तसंच राहिलं. या दोघांनी सीमेच्या दोन्ही बाजूंची चारशेच्या वर फास्ट फूडची हॉटेलं आधी आणि नंतर बघितली. वेतन वाढलं की नोकऱ्या घटतात, हे पुस्तकातलं वाक्य तिथं खरं ठरलं नाही. कार्डना पुढं २०२१ला नोबेल मिळालं. क्रूगर तोवर गेले होते. मला त्या लेखात पटली ती युक्ती. नुसतं तिकडचं आज बघायचं नाही. तिकडचं काल आणि आज, इकडचं काल आणि आज, आणि मग या दोन फरकांमधला फरक. सर म्हणाले, "तुमचा तालुका १९५६पर्यंत एकच होता. माती एक, पाऊस एक, कूळकायदा १९५०चा हैदराबादचा, तोही एक. अमेरिकेतल्यांना हे मिळालं नसतं."

मी खूश झाले. तो आनंद सप्टेंबरपर्यंत टिकला. विषय जितका सोपा दिसला तितकाच तो हातातून निसटायला लागला. तिकडं २०१४ला लाखापर्यंतची कर्जमाफी झालेली, इकडं २०१७ला दीड लाखापर्यंतची. दोन्हींचा परिणाम वहीत मिसळलेला. २०१८चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला आणि ऑक्टोबरअखेर राज्यानं १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. दुष्काळ ढगांचा असतो, जाहीर मात्र राज्य करतं, आणि सवलती सीमेवर थांबतात. तिकडं ७ डिसेंबर २०१८ला विधानसभेची निवडणूक, त्यामुळं रब्बीचे पैसे चेकऐवजी थेट खात्यात. फेब्रुवारी २०१९ला पीएम-किसान आली, वर्षाला सहा हजार, दोन्हीकडं. ही शेवटची गोष्ट मला आधी संकट वाटली, मग सरांनी दाखवलं की हीच सर्वांत निरुपद्रवी आहे. दोन्हीकडं सारखं घडलं तर ते फरकातून आपोआप वजा होतं. वजा न होणाऱ्या गोष्टीच डोकं खातात. त्यातली सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे पाणी. निजामसागर धरण १९३१चं. मांजरेच्या खालच्या अंगाला निजामाबादकडं भात आणि ऊस उभा राहिला तो त्या पाण्यावर, कुठल्याही चेकच्या कितीतरी आधी. देगलूरच्या माणसाला बांसवाड्याच्या रस्त्यानं हिरवं दिसतं आणि तो म्हणतो, बघा, तिकडचं सरकार. त्यामुळं कालव्याखालची गावं मी सोडून दिली आणि दोन्हीकडची कोरडवाहू, काळ्या रानाची, सोयाबीन-तूर-मूगवाली गावं धरली.

कागद दोन्हीकडचे जमवले. आमच्याकडं जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन निघतं, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचं. तिकडचं राज्याचं वेगळं प्रकाशन. पिकांचे रकाने जुळेनात, वर्षं जुळेनात. एकाकडं तालुका, दुसऱ्याकडं मंडल. त्यात २०१६च्या ऑक्टोबरमध्ये निजामाबाद फोडून कामारेड्डी जिल्हा झालेला आणि बिचकुंदा-जुक्कल तिकडं गेलेले. म्हणजे जुने आकडे एका जिल्ह्याच्या नावानं, नवे दुसऱ्या. हिवाळ्याचे बरेच दिवस मी एक्सेलमध्ये गावांची नावं जुळवण्यात घालवले. हे काम कुठल्याच पेपरला नव्हतं. पण अर्थशास्त्राचं खरं काम कसं असतं असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगेन.

मग प्रश्नावली घेऊन गावात. तिकडच्या बाजूला आत्याकडं राहिले. आत्याचे मालक, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पट्टादार. पाच एकर. पासबुक त्यांच्या नावानं, चेक त्यांच्या नावानं. मी सरावासाठी आधी आत्यालाच बसवलं. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे संकेतांक मी प्रश्नावलीत घेतले होते: स्वतःचा व्यवसाय असेल तर ११, घरच्या धंद्यात बिनमजुरीची मदत असेल तर २१, रोजंदारी ५१, नुसतं घरकाम ९२.

"आत्या, वर्षभर जास्त वेळ काय करतीस?"

"काय करणार माय, घरीच असते."

"लिहू का घरी?"

"लिही की."

बाहेरच्या कुण्या सर्वेक्षकाला असं उत्तर मिळालं असतं तर त्यानं ९२ लिहून पुढचं घर गाठलं असतं. मी तिच्या पायाकडं बघत होते. आदल्या दिवशी ती तुरीच्या कापणीला दिवसभर वाकलेली मी स्वतः पाहिली होती. मी विचारलं, तूर कोण कापतं, सोयाबीन कोण निंदतं, मुगाच्या शेंगा कोण तोडतं, म्हशीचं कोण बघतं. दर प्रश्नाला "मीच की" असं उत्तर आलं आणि शेवटी तीच वैतागली: "मग मगापासून घरी काय लिवायलीस?" मी २१ लिहिलं. देशाच्या आकडेवारीत बायकांचा श्रमसहभाग घटला की वाढला यावर केवढे वाद होतात. त्यातला किती भाग या ९२ आणि २१च्या मधल्या जागेत असेल, असं तेव्हापासून माझ्या मनात येतं. प्रश्नावलीत मग मी आणखी एक ओळ घातली: गेल्या आठवड्यात शेतातलं कोणतं काम केलं. ती ओळ आधी विचारायची आणि संकेतांक नंतर.

मामांना चेक आला होता वीस हजारांचा. बी-खत घेतलं, उरलेले जुन्या देण्यात गेले. ते मनापासून खूश होते आणि ते साहजिक होतं. तीन एकरवाल्याला तिकडं पीएम-किसानच्या वर रयतू बंधूचे वर्षाला चोवीस हजार मिळत होते, आमच्याकडं नुसते पीएम-किसानचे सहा. हे मी लघुप्रबंधात तक्त्यात पहिल्यांदा मांडलं, कारण हमाल आणि ट्रकवाले खोटं बोलत नव्हते. सावकाराकडं पेरणीच्या तोंडावर जाणारी काही घरं त्या वर्षी गेली नाहीत. मोंढ्यातल्या मुनिमाच्या मुलीला ही केवढी गोष्ट आहे ते सांगावं लागत नाही. पेरणीला उचल घेतलेल्या माणसाचा माल त्याच दुकानावर येतो आणि भाव करायची त्याची ताकद आधीच गेलेली असते.

पण गावात ओसरीवर बसून बोलणाऱ्यांत एक वर्ग कायम गप्प असायचा. दुसऱ्याचं रान करणारे. आमच्याकडं बटईनं किंवा ठोक्यानं म्हणतात, तिकडं कौलु रैतू. रयतू बंधूचा पैसा पट्टादाराला, कसणाऱ्याला नाही. तसं सरकारनं उघडच ठरवलं होतं. एकजण तर म्हणाला, "मालक हैदराबादला असतो. चेक घ्यायला आला होता. रान बघायला नाही आला." आमच्या बाजूलाही तेच होतं, फक्त चेक नव्हता. कूळ लागेल या भीतीनं इकडं व्यवहार तोंडी, सातबारावर नाव येत नाही, त्यामुळं पीकविमा, बोंडअळीचं अनुदान, दुष्काळाची मदत सगळं मालकाच्या नावे. हैदराबादचा तो १९५०चा कायदा कुळाला वाचवण्यासाठी केला गेला. सत्तर वर्षांनी दोन्ही राज्यांतला कसणारा त्याच कायद्याच्या भीतीनं कागदाबाहेर राहिला.

इथं मला पुस्तकाचा पहिल्यांदा खरा उपयोग झाला. गावात सगळे म्हणायचे की चेकमुळं ठोका वाढेल. मलाही तेच वाटत होतं. मग रिकार्डोचा खंड सिद्धांत आणि करभाराचं प्रकरण परत काढलं. पैसा जर जमीन कसण्यावर मिळाला असता, तर ती कसायला मागणी वाढली असती आणि ठोका चढला असता. पण हा पैसा नुसत्या मालकीवर आहे. कसणाऱ्याला एकरी मिळणारं उत्पन्न रुपयानंही बदललेलं नाही. मग तो जास्त ठोका का देईल? वाढेल ती जमिनीची किंमत, कारण पट्टादार होण्यालाच आता वर्षाला एकरी आठ हजार जोडले गेलेत. मी ठोक्याचे आकडे परत तपासले. तिकडं ठोका फारसा हललेला नव्हता, आणि जमिनीचे भाव वाढल्याचं जो तो सांगत होता. जमीन चढण्याला रस्ता, हैदराबादचा पैसा अशी इतरही कारणं होती. ती मला वेगळी काढता आली नाहीत आणि तसं मी लिहिलं. तरी त्या संध्याकाळी जो आनंद झाला तो एम.ए.च्या निकालालाही झाला नाही. १८१७ साली इंग्लंडमध्ये धान्याच्या भावावरून चाललेल्या भांडणात लिहिलेलं पुस्तक बिचकुंद्याच्या बटईदाराबद्दल गावापेक्षा बरोबर सांगत होतं.

विजेचं प्रकरण मात्र मला नीट लिहिता आलं नाही. चोवीस तास फुकट वीज म्हणजे रात्रीची पाळी गेली, साप-विंचवाची भीती गेली, ही सुटका कुठल्याच रकान्यात बसत नाही. पण फुकट विजेनं मोटार बंद करायचं कारणही जातं. बोअर खोल जातात, शेजाऱ्याचं पाणी आपल्याकडं येतं, मग शेजारी आणखी खोल जातो. भूजलाला सीमा कळत नाही, त्यामुळं तिकडच्या उपशाचा परिणाम इकडच्या विहिरीवर होत असेल, तर माझी तुलनाच गढूळ होते. पाण्याची पातळी मोजण्याचं साधन माझ्याकडं नव्हतं. मी एक परिच्छेद लिहिला आणि थांबले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्ते उलटून पाहिले आणि विचारलं, एवढ्या गावांवरून सगळ्या सीमेबद्दल कसं बोलणार? मी म्हटलं, बोलत नाही. ते म्हणाले, मग निष्कर्षात काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं: पट्टादाराला फायदा झाला, मोठ्याला जास्त झाला, कसणाऱ्याला त्यातून काही पोचल्याचं दिसलं नाही, आणि हे या गावांपुरतं. त्यांनी चष्मा काढला आणि विषय बदलून जीएसटीवर गेले. बाहेर आल्यावर मैत्रिणी म्हणाल्या, असं पुरतं-पुरतं लिहिलंस तर पीएच.डी.ला कोण घेईल तुला? मोंढ्यात बाबांनी निष्कर्ष ऐकून घेतला आणि म्हणाले, "हे तर आम्हाला माहीतच होतं." मी म्हटलं, "तुम्ही तर सगळे तिकडं चांगलं म्हणत होता." ते हसले. "पट्टादार बसले असले की तसंच म्हणायचं असतं."

सेट झाले, आणि आमच्यातल्या पुष्कळांसारखी तासिका तत्त्वावर लागले. तासाप्रमाणे मोबदला, तोही उशिरा, सुट्टीला काही नाही. श्रमाच्या अर्थशास्त्राचं प्रकरण शिकवताना हंगामी रोजगाराचं उदाहरण मुलं माझ्याकडं बघून देतात. मी ते लिहून घेते म्हणून सांगते, तेवढंच हसू.

दरम्यान सीमेच्या दोन्ही बाजू हलल्या. तिकडचं सरकार २०२३च्या डिसेंबरात बदललं, योजनेचं नाव रयतू भरोसा झालं आणि २६ जानेवारी २०२५ पासून एकरी रक्कम हंगामाला सहा हजार. भूमिहीन मजुरांसाठीही वर्षाला बारा हजारांची योजना जाहीर झाली. कसणाऱ्याचा प्रश्न तिथं नाही तर निदान मजुराचा तरी कागदावर आला. आमच्याकडं २०२३ला नमो शेतकरीचे सहा हजार आले, २०२४ला साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आली, आणि जुलै २०२४ पासून लाडकी बहीण, महिन्याला दीड हजार, थेट बाईच्या खात्यावर. तिकडच्या बायकांना बसचा प्रवास फुकट, आमच्या बायकांना अर्ध्या तिकिटात. आता आत्याकडच्या बाजूच्या सुना विचारायला लागल्यात, इकडं कधी सुरू होणार म्हणून. देगलूरच्या हॉटेलात हल्ली कोण कुठं चांगलं यावर एकमत होत नाही.

यंदा सीमेलगतच्या गावातली एक विद्यार्थिनी माझं जुनं काम पुढं न्यायचं म्हणून आली. तिचा प्रश्न जमिनीचा नाही, बाईच्या नावावर आलेल्या पैशाचा आहे. बाईच्या खात्यावर पैसा आला की घरात खर्च कसा बदलतो, हे तिला दोन्हीकडं मोजायचं आहे. आम्ही पहिल्याच दिवशी अडकलो. सीमाभागात रोटी-बेटी व्यवहार जुना. आमच्या गावांतल्या कितीतरी सुना बिचकुंदा, मदनूर, बिदरकडच्या. परराज्यात जन्मलेल्या बाईला नवऱ्याचे कागद चालतात, असं लाडकी बहीणच्या नियमात नंतर आलं. त्यामुळं त्या पात्र. आणि इथं जन्मून तिकडं दिलेल्या मुली अपात्र. ती म्हणते, तिकडून आलेल्या सुनांचा वेगळा गट करायचा. मी म्हणते, गट इतका लहान होईल की काही हाती लागणार नाही. तिनं तरी प्रश्नावलीत माहेरच्या गावाचा रकाना घातला आहे. सध्या आम्ही दोघी १९५६च्या आधीच्या गावांच्या याद्या जुळवतो आहोत, कारण काही गावांची नावं दोन्ही राज्यांत वेगवेगळी लिहिलेली आहेत.